सॅटचा कुठला स्कोअर कुठं पाठवायचा, कुठं नाही : सांगली-साताऱ्याच्या पोरापोरींसाठी

भाचीला ऑगस्टच्या सॅटला (अमेरिकेतल्या कॉलेजांच्या प्रवेशाची परीक्षा, रीडिंग-रायटिंग आणि मॅथ्स मिळून १६०० ची) १४६० पडले, ऑक्टोबरला १४७०, आणि विश्रामबागेतनं तिचा फोन, "मामा, हे पाठवू का नको? सगळे म्हणतेत १५०० च्या खाली असेल तर पाठवूच नये." सांगलीत, कराडात, साताऱ्यात ज्याला विचारावं तो हाच आकडा सांगतो. पण असा सगळ्या कॉलेजांना लागू होणारा कटऑफ नसतोच, हे काय आपलं सीईटीचं मेरिट नाही. आम्ही तीन-चार रविवार बसून एकेका कॉलेजचे नियम वाचले, तिच्या यादीत नऊ कॉलेजं होती आणि सगळीकडं एकच उत्तर काही निघालं नाही. कसं ठरवलं ते सविस्तर लिहितो, म्हणजे तुमचे रविवार वाचतील.

सगळ्यात आधी यादीतल्या प्रत्येक कॉलेजपुढं लिहा की टेस्ट सक्तीची आहे, ऑप्शनल आहे, का बघतच नाहीत. कोविडमध्ये जवळपास सगळ्यांनी सूट दिलेली, ती आता बरेच जण काढून घ्यायलेत. एमआयटीनं २०२२ लाच परत सक्ती केली, २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅल्टेक असे एकामागोमाग परत आले. येलनं त्याच वर्षी वेगळा रस्ता काढला, सॅट, एसीटी (सॅटसारखीच दुसरी परीक्षा), एपी किंवा आयबी (या विषयवार परीक्षा) यातलं काहीतरी एक पाहिजेच, पण एपी किंवा आयबी दाखवायचं म्हटलं तर त्यातले सगळ्या विषयांचे मार्क दाखवायचे, निवडून नाही. युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो २०१८ पासून ऑप्शनल. आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे बर्कली, यूसीएलए वगैरे सगळे कॅम्पस, ते प्रवेश ठरवताना स्कोअर बघतच नाहीत, १६०० असले तरी नाही. तिथं विचार करत बसू नका, तो वेळ निबंधाला द्या. नियम दरवर्षी बदलतात त्यामुळं ताईच्या मित्राला दोन वर्षांपूर्वी काय सांगितलेलं ते धरू नका, कॉलेजच्या साइटवर तुमच्या वर्षाचं पान उघडून वाचा.

डोकेफोड खरी ऑप्शनलवाल्यांची. त्यासाठी गुगलवर कॉलेजचं नाव आणि पुढं कॉमन डेटा सेट असं टाका, पीडीएफ निघते. त्यातला सी-९ हा भाग बघायचा. किती टक्के मुलांनी स्कोअर दिले आणि त्यांचा २५ वा, ५० वा, ७५ वा पर्सेंटाइल काय ते तिथं असतं (२५ वा म्हणजे ज्याच्या खाली त्यातली पाव मुलं आहेत तो स्कोअर). समजा २५ वा १४४० आणि ७५ वा १५४० आहे. तुमचा स्कोअर मधल्या, म्हणजे ५० व्या, आकड्याच्या वर असला तर डोळे झाकून पाठवा. २५ च्या खाली बराच असला तर सहसा नको. आणि या दोघांच्या मधे असला तर थांबून विचार करा, कारण ऑप्शनल झाल्यापासून कमी मार्कवाले स्कोअर देतच नाहीत, म्हणून हे आकडे फुगलेत, सगळ्या प्रवेश मिळालेल्या मुलांचे ते आकडे नव्हेत.

आता माझं ठाम मत सांगतो. आपल्या भागातल्या मुलांनी या मधल्या पट्ट्यातला स्कोअर लपवायची घाई करू नये. का ते बघा. तिकडचं कॉलेज नववी ते बारावी चार वर्षांचे मार्क मागतं. आपल्याकडं अकरावी कोण मनावर घेतंय, सगळं लक्ष नीट नाहीतर जेईईकडं, कॉलेजला हजेरीपुरतं जायचं, त्यामुळं अकरावीचं गुणपत्रक बघून तिथल्या माणसाला काही कळत नाही. बारावी बोर्डाचा निकाल मे महिन्यात आणि त्यांचा निर्णय मार्चअखेरपर्यंत होऊन जातो. म्हणजे हातात काय उरलं, तर दहावीचे मार्क आणि एक असं ज्युनियर कॉलेज ज्याचं नाव तिथं कुणी ऐकलेलं नाही. अशा वेळी १४७० हा एकच आकडा असतो जो त्यांना नीट वाचता येतो. डार्टमथनं टेस्ट परत आणली त्यामागं त्यांच्याच प्राध्यापकांचा अभ्यास होता, त्यात हेच निघालं की कमी सोयी असलेल्या घरातल्या, शाळेतल्या मुलांनी असे स्कोअर दाबून ठेवले जे दिले असते तर त्यांचा फायदा झाला असता. कारण स्कोअर तुमच्या परिस्थितीच्या शेजारी ठेवून वाचतात. घरात इंग्रजी नाही, दहावीपर्यंत मराठी मीडियम, आणि रीडिंग-रायटिंगला ७३०, याचं वजन वेगळं असतंय, फक्त ती परिस्थिती अर्जात लिहिलेली पाहिजे. त्यांच्या मनात काही आपोआप येणार नाही.

विषयाप्रमाणंही बघा. इंजिनीअरिंगला अर्ज असेल तर आधी मॅथ्स बघतील. एमआयटीत मॅथ्सचा २५ वा पर्सेंटाइलच ७८०-७९० च्या आसपास असतो, तसल्या ठिकाणी ७०० म्हणजे खूप खाली. उलट इतिहास नाहीतर अर्थशास्त्रवाल्यानं मॅथ्स ७२० म्हणून रडू नये.

मग कुठल्या तारखेचा पाठवायचा. इथं दोन शब्द नीट समजून घ्या. स्कोअर चॉइस म्हणजे तुम्ही निवडायचं कुठल्या तारखेचा रिझल्ट जाईल, पण तारीख पूर्ण जाते, ऑगस्टचं मॅथ्स तेवढं पाठवा असं होत नाही. सुपरस्कोअर म्हणजे कॉलेज स्वतः वेगवेगळ्या तारखांतले चांगले भाग उचलून बेरीज करतं. भाचीचं उदाहरण, ऑगस्टला रीडिंग-रायटिंग ६९० आणि मॅथ्स ७७०, ऑक्टोबरला ७३० आणि ७४०. नुसतं बघितलं तर ऑक्टोबर भारी. पण सुपरस्कोअर करणाऱ्याकडं दोन्ही तारखा गेल्या तर ७३० अधिक ७७०, झाले की १५००! म्हणून तिथं ६९० ची लाज न बाळगता दोन्ही पाठवायचे. आणि जे कॉलेज एकाच दिवसाचा सगळ्यात जास्त स्कोअर धरतं तिथं फक्त ऑक्टोबर. जॉर्जटाउनसारखे काही जण मात्र दिलेल्या सगळ्या परीक्षांचे स्कोअर मागतात, तिथं निवडानिवड नाही, म्हणून सरावासाठी खरी सॅट देत बसू नका, सॅटच्याच ब्लूबुक ॲपमध्ये फुकट पूर्ण सराव परीक्षा आहेत त्या सोडवा.

एसीटी पण दिली असेल तर दोन्हीची तुलना करायला अधिकृत तक्ता आहे, ३३ म्हणजे साधारण १४६०, ३४ म्हणजे १५००, ३५ म्हणजे १५४०. जे वर बसतंय ते पाठवा, दोन्ही पाठवून जास्त काही मिळत नाही.

एक चूक आमच्याकडनं झाली ती तुम्ही करू नका. परीक्षेनंतर नऊ दिवसांपर्यंत चार कॉलेजांना स्कोअर फुकट पाठवता येतो, आम्हाला एका कन्सल्टन्सीवाल्यानं सांगितलं भरून टाका, पैसे वाचतील. भरले. पण रिझल्ट त्यानंतर येतो, म्हणजे किती पडले हे बघायच्या आधीच चार ठिकाणी रवाना, नको होता तिथंही गेला. आठ दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. आणि पैसे वाचवायचेच तर दुसरा सोपा मार्ग आहे, बरीच कॉलेजं कॉमन ॲपमध्ये (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) तुम्ही स्वतः भरलेला स्कोअर चालवून घेतात आणि अधिकृत रिपोर्ट प्रवेश पक्का झाल्यावरच मागतात. तिथं आकडा मात्र अगदी खरा भरा, नंतर जुळला नाही तर मिळालेली सीट जाते.

शिष्यवृत्तीचं वेगळं तपासा. काही कॉलेजांत प्रवेशाला स्कोअर ऑप्शनल पण मेरिट स्कॉलरशिपला लागतोच. आणि टोफेल किंवा आयईएल्ट्स हे वेगळं प्रकरण आहे, इंग्रजीच्या पुराव्यासाठी, ते सॅटमध्ये धरू नका.

तारखांचं म्हणाल तर १ नोव्हेंबरच्या अर्लीवाल्याला, म्हणजे लवकरच्या फेरीत अर्ज करणाऱ्याला, सहसा ऑक्टोबरपर्यंतच्याच परीक्षा हातात असतात, जानेवारीच्या अर्जाला डिसेंबरची पण बहुतेक ठिकाणी चालते. सेंटर पुण्यातलं धरून चाला आणि आदल्या दिवशीच जाऊन मुक्काम करा, पहाटे सांगलीतनं निघून खंबाटकीला अडकलात तर वर्षभराची मेहनत घाटात राहायची.

भाचीचं शेवटी असं ठरलं : पाच कॉलेजांना दोन्ही तारखा, एकाला फक्त ऑक्टोबर, कॅलिफोर्नियाच्या दोन कॅम्पसना प्रश्नच नव्हता, आणि एक ऑप्शनलवालं होतं जिथं इंजिनीअरिंगला अर्ज होता आणि मॅथ्सचा २५ वा ७९०, तिथं तेवढं पाठवलं नाही.