पावसाळी पाण्याचं प्रदूषण: साइटवर या चुका टाळा

एका नव्या गृहप्रकल्पात रस्त्यावरचं पावसाळी पाणी गाळून पुढे सोडण्यासाठी कडेला झाडांचा सखल वाफा केला होता. माती-वाळूचं मिश्रण व्यवस्थित, झाडंही छान धरलेली. पहिल्या मोठ्या पावसात छत्र्या घेऊन बघायला गेलो, तर रस्त्यावरचं गढूळ पाणी वाफ्याच्या अंगाला घासून थेट गटाराच्या जाळीत पडत होतं. वाफ्यात पडलं होतं ते फक्त आभाळातलं. पाणी आत यायला कर्बमध्ये, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या उंच काठात, ठेवलेल्या फटीचा तळ रस्त्यापेक्षा दोन बोटं वर होता. ड्रॉइंग बरोबर होतं, पण रस्त्याचा शेवटचा थर ठरल्यापेक्षा पातळ पडला आणि पाण्याची वाट बंद झाली.

या कामातल्या बहुतेक चुका अशाच असतात. यंत्रणा चुकीची निवडली म्हणून बिघडलं, असं क्वचितच होतं. लेव्हल चुकते, नाहीतर कामाचा क्रम चुकतो, आणि पावसात उभं राहून कोणी बघत नाही.

गटारात गेलं म्हणजे शुद्ध झालं, हा समज

पावसाळी लाइन आणि ड्रेनेजची लाइन वेगळी असेल, तर पावसाळी लाइनमधलं पाणी कुठल्याही शुद्धीकरण केंद्राकडे जात नाही. ते थेट नाल्यात, नदीत किंवा समुद्रात जातं. जाळीत धुतलेला रंगाचा ब्रशही तिथेच पोचतो.

उलट बाजूची चूक, म्हणजे घरातलं सांडपाणी पावसाळी लाइनला जोडलं जाणं, शोधणं सोपं आहे. पाऊस थांबून तीन-चार दिवस झाले की पावसाळी लाइनचं चेंबर उघडा. तळाशी पाणी वाहत असेल तर काहीतरी जोडलं गेलंय. फेस किंवा तेलकट थर दिसला तर मोरी नाहीतर स्वयंपाकघराची लाइन. घाण वास आला तर संडासाची. वास-रंग काहीच नसेल तर बहुधा नळाच्या पाइपची गळती किंवा जमिनीतलं पाणी. संशय आहे त्या बाजूला तपासणीचा रंग सोडायचा आणि पुढच्या चेंबरवर माणूस बसवायचा. एका दुपारचं काम आहे, पण ताबा द्यायच्या आधी केलं तरच. नंतर फरशा फोडाव्या लागतात.

पहिलं पाणी आणि सगळं पाणी यातला फरक न करणं

लहान, फरसबंदी केलेल्या भागात पावसाचं पहिलं पाणी सगळ्यात घाण असतं. धूळ, तेलाचे थेंब, ब्रेकमधलं तांबं, गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचं जस्त आणि टायरची झीज ते धुऊन नेतं. टायरची गोष्ट क्षुल्लक नाही. अमेरिकेत सिएटलच्या आसपासच्या ओढ्यांत कोहो सामन मासे पावसानंतर मरत होते. टायरच्या रबरात टिकाऊपणासाठी घातलेल्या एका रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन जे विष तयार होतं ते त्याचं कारण असल्याचं 2020 मध्ये उघड झालं. रस्त्यावरचं तसलं पाणी माती-वाळूच्या थरातून गाळून दिल्यावर प्रयोगातले मासे जगले होते. साधा वाफा वाटतो तेवढा साधा नाही.

हिशेब करा: एका हेक्टर फरसबंदीवर 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे 100 घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर. हे पाणी धरून गाळता येतं, अख्खा मुसळधार पाऊस नाही. तरीही सगळं पाणी एकाच टाकीतून नेण्याचा मोह होतो. मग मोठ्या पावसाचा लोंढा महिनाभर साठलेला गाळ ढवळतो आणि एका रात्रीत बाहेर फेकतो. टाकीच्या आधीच फाटा द्या, ठरलेल्या प्रवाहाच्या वरचं पाणी बाजूने जाऊ द्या. गाळाच्या टाकीत येण्याचं आणि जाण्याचं तोंड समोरासमोर, जवळजवळ असेल तर पाणी सरळ रेषेत निघून जातं आणि बाकीची टाकी नुसती भरलेली राहते. तोंडं लांबच्या टोकांना ठेवा, नाहीतर मध्ये आडवी भिंत घाला.

चिकणमाती खड्ड्यात बसेल, या भरवशावर राहणं

बांधकाम चालू असताना सगळ्यात मोठं प्रदूषण म्हणजे माती. त्यावर ठरलेलं उत्तर म्हणजे एक खड्डा खणायचा आणि गाळ तळाशी बसेल म्हणायचं. वाळू बसते. 0.1 मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला साधारण दोन मिनिटं घेतो. पण 2 मायक्रॉनच्या (0.002 मिलिमीटर) चिकणमातीच्या कणाला तेवढ्याच अंतराला तीन दिवस लागतात, तेही पाणी अजिबात हललं नाही तर. म्हणून खड्ड्यातून बाहेर पडणारं पाणी चहासारखं दिसत असेल, तर फक्त खड्डा मोठा करून भागत नाही. माती जागेवरून सुटू न देणं हाच खरा उपाय: अख्खा प्लॉट एकदम खरवडू नका, टप्प्याटप्प्याने उघडा. ढिगारे झाका, आणि महिनाभर काम नसलेल्या उतारावर गवत किंवा पेंढा पसरा.

गाळ अडवणारं कापड लावताना खालची कड 15 सेंटिमीटर तरी चरात पुरून दाबावी लागते. नुसतं खुंट्यांना बांधलेलं कापड म्हणजे पडदा. पाणी खालून जातं. ते समपातळीत लावा आणि दोन्ही टोकं चढाकडे वळवा. वाहत्या ओहोळात आडवं तर लावूच नका, पहिल्या लोंढ्यात ते खुंट्यांसकट जातं.

गाळणारी यंत्रणा आधी, माती खोदणं नंतर

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पाणी झिरपणारे पेव्हर ब्लॉक बसवले, झाडांचे वाफे भरले, आणि मग शेजारच्या इमारतीचा पाया खणायला पोकलेन आलं. चिखलाची चाकं ब्लॉकवरून गेली की सांधे बुजतात. वाफ्याच्या जागी सिमेंटच्या गोण्या आणि ट्रक उभे राहिले की खालची माती इतकी दाबली जाते की वरून कितीही चांगलं मिश्रण टाकलं तरी पाणी उतरत नाही. वाफ्यांची जागा पहिल्या दिवसापासून कुंपण घालून राखा आणि भरण सगळ्यात शेवटी करा.

आधीच बिघडलं असेल तर निदान असं करा. पाऊस थांबून 48 तासांनीही वाफ्यात पाणी दिसत असेल, तर 30 सेंटिमीटर खोल लहान खड्डा करून त्यात पाणी ओता. ते भरभर उतरलं तर दोष फक्त वरच्या गाळाच्या पापुद्र्याचा. वरचे पाचेक सेंटिमीटर खरवडून नवं मिश्रण टाका. खड्ड्यातलं पाणीही तसंच राहिलं तर खालचा थर दाबला गेलाय किंवा गाळलेलं पाणी पुढे नेणारा तळाचा सच्छिद्र पाइप तुंबलाय. पाइपच्या तपासणीच्या तोंडातून पाणी सोडून बघा. ते पुढच्या चेंबरमध्ये आलं तर पाइप ठीक, म्हणजे वाफा उकरावाच लागेल. डासांची तक्रार आली तर फवारणीच्या आधी हीच चाचणी. डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडा लागतो, त्यामुळे दोन दिवसांत उतरणाऱ्या पाण्यात त्याचं काही जमत नाही.

छोट्या वाटणाऱ्या गोष्टी

मिक्सर धुतलेल्या पाण्याचा पीएच 12 च्या आसपास असतो, म्हणजे ते अतिशय अल्कधर्मी असतं. त्यासाठी प्लॅस्टिकचं अस्तर घातलेला वेगळा खड्डा हवाच, आणि तो जाळीपासून लांब.

पार्किंगमध्ये तेल वेगळं करणारं चेंबर असेल तर तिथली फरशी डिटर्जंटने धुऊ नका. साबणाने तेलाचे थेंब इतके बारीक होतात की ते तरंगून वर येतच नाहीत.

रस्त्याचं किंवा पार्किंगचं पाणी थेट बोअरमध्ये सोडून पुनर्भरण केलं म्हणणारे भेटतात. मातीच्या गाळणीला वळसा घालून ती घाण भूजलात नेऊन ठेवणं आहे हे. बोअरमध्ये छताचं पाणी सोडा, तेही पहिलं पाणी बाजूला काढून आणि गाळून.

देखभाल कोणाची, हे न ठरवणं

ताबा देताना लिफ्टचे कागद दिले जातात, पावसाळी चेंबरचे नाही. पाच वर्षांनी कुठलं झाकण कशाचं आहे हेच कोणाला माहीत नसतं. चेंबरची जागा, तळाची खोली आणि गाळ किती वर आला की काढायचा, एवढं एका पानावर लिहून द्या. मोजायला काठी पुरते. गाळकुंडी निम्मी भरली की साफ करायची. आणि काढलेला गाळ कुठे न्यायचा तेही त्याच पानावर असू द्या. बहुतेक ठिकाणी तो झाकणाशेजारीच ढीग करून ठेवतात, आणि पुढच्या पावसात तो परत आत जातो.