कूलरच्या दिवसांत वायफाय: राऊटर कुठे ठेवायचा?

नागपुरात खिडकीत कूलर बसला, वाळ्याच्या ताट्या ओल्या झाल्या, की आतल्या खोलीतून ओरड सुरू होते: नेट चालत नाही! मग कोणीतरी शहाणा एक्स्टेंडर, म्हणजे सिग्नल झेलून पुढे देणारा डबा, घ्यायला लावतो. घेऊ नका. साधा एक्स्टेंडर ज्या लहरींच्या पट्ट्यावर सिग्नल घेतो त्याच पट्ट्यावर पुढे देतो. वेग जवळपास निम्मा होतो. आधी राऊटरची जागा बदला. फायबरची तार जिथून घरात शिरली तिथेच त्याला टांगून ठेवायचं बंधन नाही. तिथून नव्या जागेपर्यंत लॅन केबल, म्हणजे नेटची साधी तार, ओढा; ती १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते.

खरं डोकं लागतं ते जागा शोधायला. वायफायचे नेहमीचे पट्टे दोन: २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १२.५ सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची ६. विटांच्या भिंतीतून या लहरी थोड्या दमून का होईना पार होतात; ५ वाली जास्त दमते. पत्रा मात्र त्यांना परत फेकतो आणि पाणी शोषून घेतं. आता कूलरकडे बघा: पत्र्याचा सांगाडा, खाली टाकीभर पाणी, तिन्ही बाजूंना ओल्या ताट्या. राऊटर आणि तुमची बसायची जागा यांच्यामध्ये हे धूड आलं, तर राऊटर कितीही महागाचा असो, काही उपयोग नाही. आरशाचं लोखंडी कपाटही तसंच.

म्हणून अंदाजाने ठेवायचं नाही, मोजायचं. अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं मोफत अ‍ॅप घ्या. त्यात डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात, उणे आकडे दिसतात. उणे ५० म्हणजे झकास, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० ला आशा सोडा. आकडा दहाने घसरला म्हणजे ताकद एक दशांशावर आली, त्यामुळे पाच-सहाचा फरकही सोडू नका. फोनवरच्या त्या चार दांड्यांवर तर अजिबात विश्वास नको.

मोजताना कूलर पंपासकट चालू हवा, दारं रोज असतात तशी. सकाळी कोरड्या कूलरवर मोजून राऊटरला खिळे ठोकणारे दुपारी पस्तावतात. एका जागी उभं राहून चारही दिशांना वळा आणि प्रत्येक वेळी थोडं थांबा, आकडा लगेच स्थिर होत नाही. राऊटरकडे पाठ केली की तो घसरतो, कारण आपल्या अंगातही पाणीच आहे! चारही आकडे बघून मगच जागा ठरवा.

बहुतेक फ्लॅटमध्ये मधल्या भिंतीवर, कूलरच्या माथ्याहून वर, ही जागा जिंकते. नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतल्या जाड भिंतींच्या घरात एका राऊटरकडून चमत्काराची अपेक्षा नको. तिथे केबल ओढून दुसरा बसवा.

अँटेना उभ्या ठेवा. सिग्नल अँटेनाभोवती मेदूवड्यासारखा पसरतो, टोकाच्या दिशेला जवळपास काही जात नाही. वरच्या मजल्यावर हवा असेल तर एक अँटेना आडवी करा.

राऊटरच्या सेटिंगमध्ये २.४ वर चॅनेल (पट्ट्यातला एक कप्पा) १, ६ किंवा ११, शेजाऱ्यांची गर्दी जिथे कमी ते. त्याच खोलीत बसणार असाल तर ५ गिगाहर्ट्झ. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ वर चालतो, त्याच्या शेजारी राऊटर नको.

आणि हो, घरगुती राऊटर बहुतेक ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर किंवा सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर तो ठेवू नका. वर रुमाल तर मुळीच झाकू नका.