फुलपाखरांसाठी बगीचा: आधी अळीचं झाड, आणि तेही एक नको

पहिला पाऊस पडला की नागपूरच्या नर्सऱ्यांत गर्दी उसळते आणि लोक फुललेली रोपं भरभरून आणतात. म्हणून मृग लागायच्या आत ठरवून ठेवा. फुलांचं नंतर. आधी अळीचं झाड. फुलावर फुलपाखरू मध प्यायला येतं आणि निघून जातं. अंडी मात्र ते ठरावीक झाडावरच घालतं, कारण त्याची अळी त्याच झाडाची, फार तर त्याच कुळातली पानं खाते.

गोडलिंब बहुतेकांकडे असतोच. जोडीला लिंबू लावा. आपला सगळा भाग संत्र्याचा, त्यामुळे लिंबावरचं फुलपाखरू शोधत जावं लागत नाही. काटोल-वरूडकडच्या बागायतदारांना त्याची अळी चांगली माहीत आहे. कोवळ्या पानावर पाखराची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर पुसू नका, ती लहान अळी असते. मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचली तर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून वास सोडते. काही करत नाही, राहू द्या.

आता हे नीट वाचा: लिंबू एक नको. दोन घ्या, जमलं तर तीन. मागच्या पावसाळ्यात मी कुंडीतल्या एकाच लिंबावर भागवलं आणि अळ्या पुऱ्या वाढायच्या आत झाडाला पान उरलं नाही. शेवटच्या दिवसांत अळी सगळ्यात जास्त खाते. पानं संपली म्हणून ती झेंडूकडे वळत नाही, उपाशी मरते. अडचणीला शेजाऱ्यांकडची लिंबाची फांदी चालेल, पण फवारलेली नको. त्यापेक्षा दुसरी कुंडी आधीच आणून ठेवा.

रुई लावा, शनिवारी मारुतीला जिच्या पानांचा हार घालतो तीच. तिच्यावर प्लेन टायगर नावाचं फुलपाखरू वाढतं. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. घरात लहान मूल असेल तर रुई कुंपणापलीकडे. तिथेही एकच झाड नको. पानफुटीवर रेड पिएरो येतं, त्याची अळी पानाच्या आत शिरून खाते, म्हणून पोकळ झालेली पानं तोडून फेकू नका. पावसात तरोटा आणि घोळ आपोआप उगवतात, तण म्हणून उपटू नका: तरोट्यावर पिवळं ग्रास यलो, घोळीवर डॅनेड एगफ्लाय. या एगफ्लायची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. रुईवर वाढलेलं प्लेन टायगर पक्ष्यांना बेचव लागतं, त्या धाकाचा हिला फायदा मिळतो. मोठं अंगण असेल तर बहावा आणि सीताफळही. २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान मिळालेलं ब्लू मॉरमॉनही लिंबाच्याच कुळावर वाढतं. म्हणून पुन्हा सांगते, लिंबावर काटकसर करू नका.

फुलं: झिनिया, कॉसमॉस, पेंटास, एक्झोरा. एकेरी पाकळ्यांची घ्या. भरगच्च पाकळ्यांच्या जातींत मध कमी आणि तो हाती लागणंही कठीण. खुळखुळा जरूर लावा, टायगर जातीचे नर त्याच्यावर झुंडीने बसतात. घाणेरी लावू नका. फुलपाखरं येतात हे खरं, पण पक्षी तिच्या बिया नेतात आणि ती रानभर पसरते.

फवारणी कसलीच नाही. निंबोळी अर्कही नाही, त्यानेही अळ्या मरतात. नर्सरीतल्या रोपावर औषध मारलंय का ते विचारा. उत्तर टाळलं तर रोप घेऊ नका. गोडलिंबाच्या बुडाशी पिलं येतात, पानफुटी पानापासून होते, लिंबू बीपासून. ओळखीच्या घरून आणणं उत्तम. आणि माळ्याला पहिल्याच दिवशी सांगा की खाल्लेलं पान दिसलं तरी औषध आणायचं नाही. घरच्यांनाही सांगा.

बाकी पटकन. सकाळचं ऊन येईल अशी जागा. कूलरमधून निथळणाऱ्या पाण्याने मातीचा एक कोपरा ओला ठेवा, क्षारांसाठी नर तिथे बसतात. कोष लागलेली फांदी छाटू नका. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की कुंड्यांवर हिरवी जाळी, पाणी दोन वेळा, लिंबांना आधी.