तेरडा, कवडसे आणि मधमाश्या : परागीभवनाच्या अभ्यासाला सुरुवात करताना

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी तेरडा निवडला, कारण पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटरस्त्यांवर तो उघड्या उतारावरही फुलतो आणि जंगलाच्या कडेला, झाडांच्या सावलीतही तग धरून असतो. पहिल्या हंगामात मी दोन्ही ठिकाणची बोंडे मोजली, सावलीतल्या रोपांवर ती बरीच कमी आढळली, आणि प्रकाश कमी पडल्यामुळे बी कमी धरते असा निष्कर्ष मी लिहून टाकला. मार्गदर्शकांनी वही वाचून एकच प्रश्न विचारला : सावलीतल्या फुलांवर मधमाशी येते का? माझ्याकडे त्याची एकही नोंद नव्हती, आणि तेवढ्या एका उणिवेमुळे संपूर्ण हंगामाची मोजणी निरुपयोगी ठरली.

या विषयातली खरी अडचण हीच आहे. सावलीत रोपाला साखर कमी तयार करता येते. वरच्या पानांतून गाळून आलेल्या उजेडात लाल प्रकाश घटलेला आणि अतिलाल (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा) प्रकाश त्या मानाने जास्त असतो, हे ओळखून अनेक वनस्पती खोड लांबवतात, पाने रुंद व पातळ करतात, आणि फुलाफळांच्या वाट्याचे अन्न उंचीवर खर्च होते. दुसरीकडे कीटकांनाही ऊन हवे असते, कारण उडण्याचे स्नायू तापल्याशिवाय त्यांना नीट उडता येत नाही, म्हणून दाट सावलीतल्या फुलांना भेटी कमी मिळू शकतात. बी कमी धरण्यामागे अन्नाची टंचाई आहे की परागांची, हे केवळ बोंडे मोजून कधीच कळत नाही.

ते कळण्यासाठी सावलीत आणि उन्हात, दोन्हीकडे, काही रोपांना हाताने पराग द्यावे लागतात आणि काही रोपे कीटकांवर सोडावी लागतात. सावलीत पराग दिलेल्या रोपाने जास्त बी धरले, तर तिथे परागवाहकांची उणीव आहे. काहीच फरक पडला नाही, तर अडचण बहुधा अन्नाची आहे. मात्र एका रोपावरच्या दोन-तीन फुलांनाच पराग देऊन थांबू नये. रोप आपले अन्न इतर फुलांकडून काढून त्या भाग्यवान फुलांकडे वळवते, आणि संपूर्ण रोपाचे उत्पन्न वाढलेले नसतानाही ते वाढल्याचा भास होतो. कमी रोपे घेतली तरी चालेल, परंतु निवडलेल्या रोपावरच्या प्रत्येक फुलाला पराग द्यावेत.

तेरड्याच्या बाबतीत यासाठी फुलाची रचना आधी समजून घ्यावी लागते. पाच परागकोश (पराग तयार करणाऱ्या पिशव्या) एकमेकांना चिकटून कुक्षीवर, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या टोकावर, टोपी घातल्यासारखे बसतात. फूल उमलते तेव्हा ते नर अवस्थेत असते, आणि ती टोपी गळून पडल्यावरच कुक्षी उघडी पडून पराग स्वीकारते. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असे आपण म्हणतो, आणि त्या मोजक्या दिवसांत योग्य अवस्था गाठावी लागते. टोपी असलेल्या फुलांवर ब्रश फिरवण्यात मी सुरुवातीचे चार दिवस घालवले. पराग टोपी असलेल्या फुलातून घ्यावेत, ते फूल दुसऱ्या रोपावरचे असावे, आणि ज्या फुलाची टोपी गळली आहे त्यालाच पराग द्यावेत.

दुसऱ्या हंगामात मी जंगलाबरोबर कुंड्यांचाही आधार घेतला. जूनमध्ये पेरलेल्या रोपांपैकी निम्मी उघड्यावर आणि निम्मी शेडनेटखाली वाढवली. त्यातून लगेच नवा पेच उभा राहिला, कारण जाळी उजेडाबरोबर कीटकांनाही अडवते. म्हणून फुलोरा आल्यावर रोज सकाळी, कीटकांची वर्दळ असते तेवढे तास, दोन्ही गटांतील काही कुंड्यांची अदलाबदल केली : सावलीत वाढलेली उघड्यावर, उन्हात वाढलेली सावलीत. या तासांत उजेडाचीही अदलाबदल होते, ही तडजोड अहवालात स्पष्ट लिहावी. ती लपवली तर परीक्षक नेमका तोच प्रश्न विचारतात.

प्रकाश मोजताना लक्समापकावर विसंबू नये. तो मानवी डोळ्याच्या संवेदनेनुसार बनलेला असतो आणि हिरव्या उजेडाला अधिक महत्त्व देतो, त्यामुळे झाडाखालची जागा पानांच्या दृष्टीने असते त्याहून उजळ वाटते. ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी मोजणारा संवेदक विभागाकडून मागून घ्यावा. निरभ्र दुपारी उघड्यावर तो सुमारे २००० मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद दाखवतो, तर दाट जंगलाच्या तळाशी त्याच्या एक-दोन टक्केच उरतात. त्यातही कवडशांचा विचार करावाच लागतो. सावलीतल्या रोपाला दिवसभरात मिळणाऱ्या प्रकाशाचा मोठा भाग काही मिनिटांच्या कवडशांतून येऊ शकतो, म्हणून दुपारी एकदा घेतलेले माप खोटे चित्र देते. संवेदक दिवसभर नोंद करत ठेवावा.

कीटकांचे निरीक्षण दहा-दहा मिनिटांच्या टप्प्यांत, उन्हात व सावलीत आलटून पालटून करावे. सातेरी, आग्या, फुलोरी आणि लहानशी डंखहीन माशी वेगवेगळ्या ओळखता येईपर्यंत आकडे लिहू नयेत. पावसाच्या सरीत मधमाश्या बाहेर पडत नाहीत, आणि तेव्हाच उजेडही घटतो. ढग व पाऊस यांची वेळ नोंदवली नसेल तर दोन्ही कारणे पुन्हा एकमेकांत मिसळतात. अभयारण्यात काम असेल तर वनविभागाची लेखी परवानगी पाऊस सुरू होण्याच्या कितीतरी आधी मागावी. वनस्पतीच्या ओळखीबद्दल शंका असल्यास पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रातील वनस्पती-संग्रहात नमुना ताडून पाहता येतो.

आकडेवारीत नमुन्याचे एकक रोप असते, फूल नव्हे. एका रोपावरची चाळीस फुले म्हणजे चाळीस स्वतंत्र पुरावे नव्हेत, आणि ही चूक मी अनेक प्रबंधांत पाहिली आहे.

बोंडांची काळजी मात्र सुरुवातीपासून घ्यावी. तेरड्याचे पिकलेले बोंड स्पर्श होताच फुटते आणि बिया दूर उडतात, म्हणून फूल गळल्यावर, बोंड हिरवे असतानाच, त्यावर जाळीदार कापडाची छोटी पिशवी सैलसर बांधावी. बिया मोजून झाल्या की त्यांचे वजन करावे आणि गटवार कागदी पाकिटांत कोरड्या जागी ठेवाव्यात. सावलीतल्या रोपांनी धरलेले बी संख्येने पुरेसे असले, तरी ते भरीव आहे की पोचट, हे पुढच्या जूनमध्ये ते पेरल्यावरच दिसते.