हायब्रिड गाडीची पीयूसी: या चुका टाळा

गोव्यातल्या साखळी गावात माझं गॅरेज आहे आणि त्याला लागून पीयूसीची, म्हणजे गाडीच्या धुराच्या तपासणीची खोली. खोली म्हणजे एक टेबल, कॉम्प्युटर, गॅस अ‍ॅनालायझर आणि डोक्यावर कुरकुरणारा पंखा. गेल्या तीन-चार वर्षांत दारात हायब्रिड गाड्या, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या गाड्या वाढल्या आणि त्यांच्या मालकांच्या ठरलेल्या चुकाही. रोज तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून आता लिहूनच ठेवतोय.

सगळ्यात लाडकी चूक: "हायब्रिड म्हणजे इलेक्ट्रिकच की, तिला कसली पीयूसी?"

पीयूसीतून सुटका आहे ती निव्वळ बॅटरीवर चालणाऱ्या गाडीला. तिला सायलेन्सरच नाही, मी नळी घालू कुठे? तुमच्या गाडीला पेट्रोलची टाकी आहे, मागे पाइप आहे, म्हणजे पीयूसी आहे. इलेक्ट्रिक गाडीला हिरवी नंबरप्लेट मिळते, तुमची पांढरी आहे. एवढ्यावरून तरी कळायला हवं. पण लोकांचाही सगळा दोष नाही. स्ट्राँग हायब्रिडच्या, म्हणजे काही वेळ निव्वळ बॅटरीवरही धावणाऱ्या गाडीच्या आरसीवर (नोंदणीपत्रावर) इंधनाच्या रकान्यात 'स्ट्राँग हायब्रिड ईव्ही' असं येतं. शेवटचं 'ईव्ही' वाचलं की माणूस खूश. त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर 'हायब्रिडला सरकारची सूट' असा निरोप फिरतो. ती सूट उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये दिली होती आणि ती गाडी नोंदवतानाच्या करातली होती. तिचा पीयूसीशी संबंध नाही आणि गोव्याशी तर नाहीच नाही. एक गृहस्थ मोबाइल माझ्या नाकासमोर धरून दहा मिनिटं भांडले. मी म्हटलं, "भाऊ, हा निरोप लखनौला चालेल, डिचोलीच्या नाक्यावर नाही."

नियम सरळ आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११५ वा नियम सांगतो की पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष पीयूसी लागत नाही, त्यानंतर लागते. बीएस-४ आणि बीएस-६ (बीएस म्हणजे सरकारचे धुराचे निकष) गाड्यांना ती बारा महिने चालते, त्याआधीच्या गाड्यांना सहा. वर्ष मोजायचं ते आरसीवरच्या नोंदणीच्या तारखेपासून, शोरूममधून पेढे वाटत गाडी आणली त्या दिवसापासून नव्हे. पीयूसी नसली तर कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे आणि तीन महिने लायसन्सवरही गदा येते. तपासणीचे पैसे त्यापुढे चहापाण्याइतके.

दुसऱ्या चुकीत मी स्वतः जवळजवळ फसलो होतो.

चोर्ला घाट उतरून एक मास्तर बेळगावहून आले. निवृत्त माणूस, नवीकोरी स्ट्राँग हायब्रिड, पहिलं वर्ष संपायला दोन दिवस. मी आत चहा घेत होतो. आमच्या पोराने नळी सायलेन्सरमध्ये खुपसली आणि हाक मारली, "दादा, ही गाडी बघा, सगळं शून्य!" स्क्रीनवर कार्बन मोनॉक्साइड ०.००, हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, जवळजवळ काही नाही. मास्तर खूश. "बघितलंत? बायकोला म्हटलंच होतं, पैसे वसूल!"

मी खालचा आकडा बघितला. ऑक्सिजन २०.९ टक्के, कार्बन डायऑक्साइड नावालाही नाही. २०.९ टक्के ऑक्सिजन म्हणजे साखळीची स्वच्छ हवा. पेट्रोल नीट जळत असेल तर पाइपात कार्बन डायऑक्साइड चौदा-पंधरा टक्क्यांच्या आसपास दिसायला हवा. बॉनेटवर हात ठेवला तर थरथर नाही. पोराच्याही डोक्यात प्रकाश पडला, "दादा, गाडी बंदच आसा!" डॅशबोर्डवर हिरवा 'रेडी' दिवा लागलेला, एसी चालू, आणि इंजिन गाढ झोपेत. घाट उतरताना ब्रेक मारून मारून बॅटरी भरलेली, मग इंजिनाने जागं व्हायचंच कशाला? मास्तरांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबून पाहिला. गाडी ढिम्म.

तपासणी इंजिनाची आहे, तेव्हा इंजिन चालूच हवं, आणि तेही गरम. बीएस-६ पेट्रोल चारचाकीला आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं. मग २५०० आरपीएमच्या आसपास धरून कार्बन मोनॉक्साइड ०.२ च्या आत आणि लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचं माप, १ च्या अलीकडे-पलीकडे ०.०३. झोपलेलं इंजिन हे कसं दाखवणार?

अशा वेळी मेंटेनन्स मोड लागतो. टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये ब्रेकला पाय न लावता इग्निशन ऑन करायचं. पार्कमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दोनदा दाबायचा, न्यूट्रलमध्ये दोनदा, परत पार्कमध्ये दोनदा, आणि मग ब्रेक दाबून स्टार्ट. हे सगळं मिनिटभरात उरकावं लागतं. स्क्रीनवर मेंटेनन्स मोड उमटतो आणि इंजिन चालू राहतं. पण आपल्या गाडीचं मॅन्युअल आधी वाचा, प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. आणि 'रेडी' दिवा लागलेला असताना हा खेळ अजिबात करू नका, गाडी सुटू शकते. यूट्यूबवर अर्धा व्हिडिओ बघून आलेला एक तरुण नेमकं तेच करायला निघाला होता, समोर माझं टेबल. शिवाय या मोडमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल बंद असतं. काम झालं की गाडी बंद करून परत चालू करायची आणि मगच रस्त्याला लागायचं.

मास्तरांना मी आधी डिचोलीपर्यंत फिरवून आणलं. ही माझी सवय. हायब्रिडचं इंजिन मुळात कमी चालतं, त्यामुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा पाइपातला डबा) थंड राहतो आणि थंड कन्व्हर्टरने चांगली गाडीही नापास होते. अर्धा तास गेला, आकडे मात्र खरे आले. "तसंच छापून द्या ना" म्हणणाऱ्यांना मी दार दाखवतो. गाडी न आणता नुसता फोटो पाठवून पीयूसी मागणाऱ्यांना तर उत्तरही देत नाही.

माइल्ड हायब्रिडवाल्यांनी, म्हणजे जिथे मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते त्यांनी, एवढं टेन्शन घेऊ नये. मारुतीची 'स्मार्ट हायब्रिड' निव्वळ बॅटरीवर धावत नाही, सिग्नलला इंजिन बंद होतं इतकंच. आयडल-स्टॉप बंद करायचं बटण दाबा, झालं काम. ग्रँड विटारा मात्र दोन्ही प्रकारांत येते, तेव्हा आपली कुठली ते टेस्टरला आधी सांगा.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

विमा चालू आहे म्हणजे पीयूसीही असेल असं समजू नका. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विम्याचं नूतनीकरण पीयूसीशी बांधलं होतं, ती अट २०२४ मध्ये निघाली. आता एजंट आठवण करून देईल या भरवशावर राहू नका.

जुनी गाडी घेतलीत तर नोंदीतला मोबाइल नंबर बदलून घ्या. नाहीतर पीयूसीचा मेसेज आधीच्या मालकाला जातो आणि तो नेमका जहाजावर असतो.

दुसऱ्या राज्यात काढलेली पीयूसी इथे चालते. परत काढू नका.

पावसाळ्यात गाडी आली की आधी पाइपातलं पाणी उडवा, ते नळीतून मशीनच्या फिल्टरमध्ये जातं. हे मालकांना नाही, टेस्टर पोरांना सांगतोय.

'पीयूसी पास करणारी' बाटली टाकीत ओतू नका. खरंच ओतू नका.

आणि नापास झालात तर रिजेक्शन स्लिप चुरगळून फेकू नका. २०२१ पासून ती सगळीकडे एका नमुन्यात मिळते आणि तिच्यावरचे आकडे मेकॅनिकला बरंच सांगतात. हायड्रोकार्बन वाढलं असेल तर मी आधी प्लग बघतो. कार्बन मोनॉक्साइड वाढला असेल तर एअर फिल्टर आणि ऑक्सिजन सेन्सर. लॅम्डा एकच्या वर गेला आणि बाकी सगळं ठीक असेल, तर बहुतेक सायलेन्सरच्या जोडातून बाहेरची हवा शिरत असते. परवा एका गाडीचा लॅम्डा १.०६ वर अडला होता. मालकाला कुणीतरी हायब्रिड बॅटरीच बदलायला सांगितलेलं. मी थंड जोडावर साबणाचं पाणी शिंपडलं आणि इंजिन चालू केलं, तर गॅस्केटपाशी बुडबुड बुडबुड.