नेटवर्क कार्ड गायब झालं? आधी ड्रायव्हर थांबवा

लिनक्सचा नवा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) टाकला आणि नेटवर्क कार्ड दिसेनासं झालं, तर सहसा जुन्या कर्नलवर परत गेलं की काम भागतं. २००८ साली मात्र भागलं नाही. कर्नल २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांवर इंटेलच्या काही गिगाबिट कार्डांची एनव्हीएम, म्हणजे मॅक पत्ता (कार्डाची नेटवर्कवरची ओळख) आणि सेटिंग जपणारी कायमची मेमरीच खराब झाली. असा संशय आला, तर पुढच्या क्रमाने चला.

१. पुन्हा पुन्हा रीबूट करून बघू नका. जुन्या, खात्रीच्या कर्नलने मशीन सुरू करा आणि ई१०००ई हे मॉड्यूल, म्हणजे या कार्डांचा ड्रायव्हर, ब्लॅकलिस्टमध्ये टाका, म्हणजे तो आपोआप लोड होणार नाही. त्यानंतर इनिटरामएफएस (बूट होताना आधी लोड होणारी छोटी फाइल सिस्टिम) नव्याने बनवायला विसरू नका, नाहीतर ड्रायव्हर तिथूनच लोड होतो. उबुंटूनेही तेव्हा ८.१० च्या चाचणी आवृत्तीत हा ड्रायव्हर बंदच करून टाकला होता.

२. खात्रीच्या कर्नलवर ड्रायव्हर तेवढ्यापुरता लोड करून डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या संदेशांची नोंद, वाचा. ‘एनव्हीएम चेकसम (मजकूर शाबूत आहे का ते पडताळणारी बेरीज) चुकीचा’ अशा अर्थाची ओळ असेल, तर मेमरीला धक्का लागला आहे. नसेल तर केबल, स्विच, बायोस तपासा.

३. कार्ड अजून धड असेल, तर बॅकअप आत्ताच घ्या. खात्रीच्या कर्नलवर ड्रायव्हर तेवढ्यापुरता लोड करून इथटूल ही नेटवर्क कार्ड तपासणारी कमांड चालवा. वजा-चिन्हासह छोटा ई आणि पुढे इंटरफेसचं नाव दिलं की एनव्हीएममधला मजकूर हेक्समध्ये छापला जातो. पहिले सहा बाइट म्हणजे मॅक पत्ता. तो बोर्डावरच्या स्टिकरशी जुळवा. सगळीकडे एफएफ दिसलं, तर मेमरी पुसली गेली आहे. फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. नेटवर्कवर ठेवलेला बॅकअप नेमका नेटवर्क नसताना काय कामाचा?

४. बॅकअप परत लिहिणं इतकं सोपं नाही. एनव्हीएममधल्या पहिल्या ६४ शब्दांची (एक शब्द म्हणजे दोन बाइट) बेरीज हेक्समध्ये बीएबीए यावी लागते. ती जुळली नाही तर ड्रायव्हर कार्ड सुरूच करत नाही आणि इंटरफेस नाही म्हणून इथटूलही हतबल. मग ही तपासणी वगळणारा ड्रायव्हर बनवू शकणारा जाणकार गाठा, नाहीतर बोर्डाच्या कंपनीकडे जा. दुसऱ्या मशीनचा बॅकअप मात्र जसाच्या तसा लिहू नका. एकाच मॅक पत्त्याची दोन कार्डं एका नेटवर्कवर आली की दोन्हींची जोडणी बिघडते.

५. बग कळवताना फक्त ड्रायव्हरची आवृत्ती देऊ नका, कर्नलचं पूर्ण कॉन्फिगरेशन जोडा. त्या वेळी सगळ्यांचं बोट ई१०००ईकडे होतं, पण खरा दोषी निघाला एफट्रेस, म्हणजे कर्नलमधली फंक्शन्स कधी चालतात ते नोंदवणारं साधन. सुरुवातीला एकदाच चालणारा कोड मेमरीतून काढला गेला, तरी एफट्रेस मेमरीतल्या त्याच जुन्या पत्त्यांवर लिहीत राहिला. आणि तोवर ते पत्ते कार्डाच्या फ्लॅशला, म्हणजे एनव्हीएमला, मिळालेले असायचे. २.६.२७.१ मध्ये डायनॅमिक एफट्रेस (चालू कर्नलचा कोड बदलणारा त्याचा भाग) बंद केलं. इंटेलनेही एनव्हीएमला लेखनबंदी करणारा पॅच दिला.