पन्नाशीत बडोदा सोडून थायलंडला: आधी तारीख, मग घर, मग मेडिक्लेम

लवकर निवृत्ती घेऊन परदेशी राहायला जायचं ठरलं की घरात आधी व्हिसाची चर्चा सुरू होते. व्हिसा हा त्यातला सोपा भाग. पैसा जातो तो तीन ठिकाणी: विमानाच्या तारखेत, रावपुऱ्यातल्या नाहीतर दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या विक्रीत, आणि ‘आता काय उपयोग’ म्हणून बंद केलेल्या मेडिक्लेममध्ये. इथे उदाहरण थायलंडचं घेतलं आहे, कारण पन्नाशी पूर्ण झाली की तिथे निवृत्तीचा व्हिसा मिळतो. भारताच्या बाजूचे नियम मात्र कुठेही गेलात तरी हेच.

जायची तारीख

एका आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस राहिलात तर आयकरासाठी तुम्ही रहिवासी. पण दुसरीही एक अट आहे: त्या वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस. जन्म बडोद्यात काढलेल्याचे ३६५ भरलेलेच असतात, म्हणजे प्रश्न उरतो ६० दिवसांचा. नोकरीसाठी परदेशी निघालेल्या भारतीय नागरिकाला त्या वर्षी ६० ऐवजी १८२ दिवसांची सवलत मिळते. निवृत्त माणूस नोकरीला जात नसतो, त्यामुळे त्याला ही सवलत नाही. शेजाऱ्यांचा मुलगा सप्टेंबरात दुबईला गेला आणि त्याच वर्षी अनिवासी ठरला, तसंच आपलंही होईल असं धरून चालणारे इथेच फसतात. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे. आर्थिक वर्षाला आता ‘कर वर्ष’ म्हणतात, कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदलले, पण दिवसांचं हे गणित तेच राहिलं.

मोजून पाहा. एप्रिलचे ३० आणि मेचे २९ मिळून ५९. निघायचा दिवसही धरून चाला. म्हणजे अगदी शेवटची तारीख २९ मे. मध्यरात्रीनंतर सुटणारं विमान असेल तर पासपोर्टवर शिक्का दुसऱ्या दिवसाचा पडू शकतो आणि ५९ चे ६० होतात. तेव्हा २० मेच्या आतबाहेरचं तिकीट काढावं. त्या पहिल्या वर्षी गणपतीला किंवा दिवाळीला परत येणंही टाळावं, कारण ते दिवस याच हिशेबात मिळवले जाण्याची शक्यता असते आणि मग वाद घालत बसावं लागतं. पुढच्या वर्षांपासून नुसत्या भेटीला येणाऱ्याला १८२ दिवसांच्या आत मोकळीक आहे. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर मात्र १२० दिवस.

मे हुकला तर आकाश कोसळत नाही. त्या वर्षी तुम्ही रहिवासी राहता, जगभरचं उत्पन्न इथे दाखवता, आणि परदेशी खात्यांचा तक्ता विवरणपत्रात भरता. हा तक्ता विसरू नये: स्थावर सोडून बाकी परदेशी मालमत्ता २० लाखांच्या वर असेल आणि दाखवली नसेल, तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. व्हिसासाठी थाई बँकेत ठेवलेले ८ लाख बाट ही मर्यादा सहज ओलांडतात.

घर विकायचं असेल तर जाण्याआधी

सगळ्यात मोठी रक्कम इथे हलते, म्हणून जरा सविस्तर.

२३ जुलै २०२४ पासून घराच्या दीर्घकालीन नफ्यावर इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता) १२.५ टक्के कर आहे. त्या तारखेआधी घेतलेल्या घराला जुना पर्याय, म्हणजे इंडेक्सेशन लावून २० टक्के, अजून मिळतो, पण फक्त रहिवासी व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला. अनिवासी झालात की पर्याय संपला.

आकड्यात पाहू. आजोबांपासून आलेलं घर. १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत मान्यताप्राप्त व्हॅल्युअरने २० लाख काढली (त्या तारखेची जंत्री, म्हणजे सरकारी दराची किंमत, उपलब्ध असेल तर तिच्यापेक्षा जास्त धरता येत नाही). २०२५-२६ मध्ये विक्री ९० लाखांना. त्या वर्षाचा महागाई निर्देशांक ३७६ (२००१-०२ चा १००), म्हणून रहिवाशाची खरेदी किंमत ७५ लाख २० हजार, नफा १४ लाख ८० हजार, २० टक्क्यांनी कर २ लाख ९६ हजार. अनिवासी विक्रेत्याचा नफा सरळ ७० लाख, १२.५ टक्क्यांनी ८ लाख ७५ हजार. सेस वेगळा. घर तेच, गिऱ्हाईक तेच, फरक पावणेसहा लाखांच्या वर. जुनं आणि कमी वाढलेलं घर असेल तितका हा फरक जास्त. भाव फार चढलेल्या घरात १२.५ टक्केच स्वस्त पडतात. म्हणून दोन्ही हिशेब मांडल्याशिवाय ठरवू नका.

दुसरं दुखणं कपातीचं. रहिवाशाचं घर ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीला गेलं तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. अनिवाशाकडून घेताना त्याला पूर्ण दराने कापावा लागतो, आणि कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी आणला नसेल तर बहुतेक सीए नफ्यावर न कापता अख्ख्या किमतीवर कापायला सांगतात. दाखल्याला काही आठवडे जातात. बानाखत (विक्रीचा करार) करतानाच अर्ज टाकावा. भावाभावांच्या सामाईक घरात तर प्रत्येकाच्या हिश्श्याला वेगळा नियम लागतो: बडोद्यातल्या भावाला इंडेक्सेशन, परदेशातल्याला नाही.

वारसांची नावं सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर चढलेली आहेत का, घरवेरा (घरपट्टी) कोणाच्या नावावर येतो, हे निघण्याच्या वर्षभर आधी बघावं. मुखत्यारपत्र इथे असतानाच नोंदवून ठेवलेलं बरं. परदेशातून केलं तर दूतावासात साक्षांकन आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क, असा द्राविडी प्राणायाम होतो.

बँक, भाडेकरू, पीपीएफ

फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, नुसते दिवस मोजत नाही, हेतू बघतो. अनिश्चित काळासाठी राहायला निघालात की त्याच्या लेखी तुम्ही अनिवासी. साधं बचत खातं मग एनआरओ (अनिवाशाचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्यावं लागतं. पेन्शन, भाडं, व्याज तिथे जमा होतं. एनआरओच्या व्याजावर सेससह ३१.२ टक्के टीडीएस कापला जातो. त्यातलं जास्तीचं विवरणपत्र भरून परत मिळतं, पण वर्षभर पैसा अडकतो. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत शून्य कर ज्या सूटीमुळे होतो, ती सूटही फक्त रहिवाशांनाच आहे. १० लाख व्याजावर रहिवाशाला काही नाही, अनिवाशाला सेससह ४१,६०० रुपये.

अलकापुरीचा फ्लॅट भाड्याने दिला असेल तर भाडेकरूला आधीच सांगा: घरमालक अनिवासी झाला की पहिल्या रुपयापासून टीडीएस कापायची जबाबदारी भाडेकरूची. त्याने कापला नाही तर नोटीस त्याला येते, आणि मग घर रिकामं होतं.

पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजना आणि पोस्टाच्या बाकीच्या योजना अनिवाशाला नव्याने मिळत नाहीत. म्युच्युअल फंडाचं केवायसी बदलून घ्या. ईपीएस-९५ ची (भविष्य निर्वाह निधीसोबतची) पेन्शन दहा वर्षं नोकरी झालेल्याला पन्नाशीपासून घेता येते, पण ५८ च्या आधी जितकी वर्षं, तितके वेळा ४ टक्के कापून. घाई नसेल तर थांबावं.

परदेशी पैसे पाठवताना क्रम महत्त्वाचा. रहिवासी असताना उदारीकृत प्रेषण योजनेत वर्षाला माणशी २,५०,००० डॉलर जातात, पण १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ वसूल होणारी रक्कम) घेते. तो कर नव्हे, पुढे वळता होतो. तरी व्हिसाच्या ठेवीसाठी अर्धी रक्कम मार्चमध्ये आणि अर्धी एप्रिलमध्ये, नवऱ्याची आणि बायकोची वेगवेगळ्या पॅनवर पाठवली, तर टीसीएस जवळपास टळतो. अनिवासी झाल्यावर ही योजना लागू नाही. एनआरओमधून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात, सीएच्या दाखल्यासकट, ज्याला सगळे १५सीए-१५सीबी म्हणत आले.

थायलंडचा कर

तिथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. १८० दिवस राहिलात की करनिवासी. २० मेला पोचलेला माणूस त्याच वर्षी करनिवासी होतो, म्हणून तिथला टॅक्स नंबर काढून पुढच्या ३१ मार्चपर्यंत विवरणपत्राची तयारी ठेवावी.

१ जानेवारी २०२४ पासून नियम असा: करनिवासी असलेल्या वर्षात कमावलेलं बाहेरचं उत्पन्न थायलंडमध्ये आणलं की ते करपात्र, कोणत्याही वर्षी आणलं तरी. त्या तारखेआधी कमावलेल्याला हे लागू नाही. पण ‘आधी कमावलेलं’ हे सिद्ध कोणी करायचं? तुम्ही. म्हणून जाण्याआधी प्रत्येक बँकेकडून ३१ डिसेंबर २०२३ ची शिल्लक दाखवणारं सही-शिक्क्याचं स्टेटमेंट आणि त्या दिवशीच्या ठेवींची यादी इंग्रजीत घ्या. मग ती जुनी पुंजी एका वेगळ्या खात्यात ठेवा आणि पहिली काही वर्षं थायलंडला पैसे फक्त त्याच खात्यातून न्या. पेन्शन, नवं व्याज आणि जुनी पुंजी एकाच खात्यात मिसळली की कुठला रुपया कुठला, हे सांगता येत नाही. एनआरई खात्याचं (अनिवाशाने परदेशातून आणलेला पैसा ठेवायचं खातं) व्याज भारतात करमुक्त असलं तरी तिथे नेल्यावर उत्पन्नच.

भारतात कापलेला कर तिथे वळता करायला दोन देशांमधला करार आहे. त्यासाठी इकडचे टीडीएस दाखले आणि तिकडचा करनिवासी असल्याचा दाखला, दोन्ही लागतात.

आजारपण

थायलंडची सरकारी आरोग्य योजना तिथल्या नागरिकांसाठी आहे, निवृत्त परदेशी माणसाला ती मिळत नाही. ओ-ए या निवृत्तीच्या व्हिसाला १,००,००० डॉलर किंवा ३० लाख बाटचा विमा सक्तीचा आहे. शिवाय ८ लाख बाटची ठेव किंवा महिन्याला ६५,००० बाट उत्पन्न, पोलीस दाखला (पासपोर्ट सेवा केंद्रातून) आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र. नॉन-ओ या दुसऱ्या प्रकारात विम्याची सक्ती नाही, म्हणून बरेच जण तो घेतात आणि विनाविमा राहतात. हृदयविकाराचा एक झटका आला तर बँकॉकच्या खाजगी हॉस्पिटलचं बिल व्हिसाची ती ठेव गिळून टाकेल.

प्रवासविमा इथे चालत नाही. तो सहलीसाठी असतो: अचानक आजार, तात्पुरता इलाज, आणि घरी परत. मधुमेहाची नियमित तपासणी त्यात बसत नाही. घ्यायची ती आंतरराष्ट्रीय आरोग्य पॉलिसी, अमेरिका वगळून. अमेरिका धरली की हप्ता फार चढतो. बीपी, शुगर, जुनी अँजिओप्लास्टी, सगळं लिहून द्या. लपवलं तर हॉस्पिटलने मागवलेल्या जुन्या फाईलवरून पहिल्याच मोठ्या दाव्यात उघडं पडतं. हप्ता जड वाटला तर कव्हर कमी करू नका, स्वतः सोसायची रक्कम वाढवा: छोटी बिलं खिशातून, मोठं विम्यातून.

आणि इथलं मेडिक्लेम चालू ठेवा. ही सगळ्यात स्वस्त तरतूद. ते परदेशी उपचाराला उपयोगी नसतं, पण गुडघा, मोतीबिंदू, कर्करोगाचा लांबचा इलाज यांसाठी माणूस शेवटी बडोद्यालाच येतो. आधीपासूनच्या आजारांची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि पाच वर्षं सलग हप्ते भरल्यावर, फसवणूक सोडली तर, दावा नाकारता येत नाही, हे संरक्षण एकदा सोडलं की साठीत परत शून्यापासून. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. हप्ता एनआरओ खात्यातून आपोआप जाईल अशी सोय करा, कारण परदेशात असताना चुकलेली नूतनीकरणाची तारीख हेच पॉलिसी बंद पडायचं नेहमीचं कारण. निवासस्थान बदलल्याचं कंपनीला लेखी कळवा. कंपनीच्या ग्रुप विम्यावर असलेल्यांनी नोकरी सोडायच्या दीड-दोन महिने आधी त्याच विमाकंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज टाकावा. राजीनाम्यानंतर धावपळ करण्यात अर्थ नाही. रिफायनरी, रेल्वे वगैरेंच्या निवृत्तांच्या वैद्यकीय योजना भारतातल्या ठरलेल्या हॉस्पिटलांपुरत्या असतात.

औषधं नेताना ब्रँडचं नाव चालणार नाही, तिथे तो ब्रँड नसतो. डॉक्टरकडून मूळ औषधाचं नाव, मात्रा आणि निदान छापील कागदावर, सही-शिक्क्यासह घ्या. नेहमीची औषधं ३० दिवसांची न्यावीत. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांचं, उदाहरणार्थ अल्प्राझोलाम, वेगळं प्रकरण आहे: त्या नियंत्रित यादीत आहेत आणि थाई अन्न व औषध प्रशासनाचे नियम आधी तपासावे लागतात. आपल्याकडे चिठ्ठी दाखवून सहज मिळणारी पट्टी बॅगेत टाकून उतरलात तर गाठ कस्टमशी असते.